ओरखड्याशिवाय एक फेरी

एक फेरी धड पार पडली, तर जावयाला व्हॅनची किल्ली परत मिळणार होती, किल्लीबरोबर सकाळची मोकळी हवा, आणि चादरींच्या घड्या घालण्यातून सुटका. नाही पार पडली, तर घड्या जन्मभर. फेरी मोबाइलमधली होती, एवढंच.

लॉन्ड्री सासूबाईंची. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं एका पांढऱ्या व्हॅनमधून ये-जा करायचं आणि व्हॅन जावई चालवायचा. मागच्या महिन्यात एक स्कूटरवाला त्याला आडवा गेला, वर हात नाचवून काहीतरी बोलला. जावयाचं डोकं फिरलं. त्याने गल्लीबोळांतून पाठलाग केला. स्कूटर निसटली, व्हॅन खांबावर गेली, पुढचा दिवा फुटला आणि धुतलेल्या चादरी गटारात. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी किल्ली काढून घेतली आणि भाच्याला दिली. भाच्याला सगळे गोगलगाय म्हणत. त्याच्या व्हॅनमधून चादर पोचेपर्यंत रोगी बरा होऊन घरी जातो, असं जावई म्हणायचा. अर्थात सासूबाईंच्या माघारी.

तेव्हापासून तो घड्यांच्या टेबलाशी. जेवतानाही ज्याचा पाय टेबलाखाली क्लच शोधतो, तो माणूस चार भिंतींत किती वेळ उभा राहणार? टॉवेलांच्या गठ्ठ्याला मोबाइल टेकवून तो गुंडगिरीचा खेळ खेळू लागला. मोठं शहर, कुणालाही गाडीतून ओढून बाहेर काढायचं, त्याची गाडी फुटपाथवरून हाणायची, पोलीस मागे लागले की आणखी जोरात.

सासूबाई येता-जाता मागे उभ्या राहून बघायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही.

"असंच चालवता वाटतं."

"आई, खेळ आहे हा."

"तुमच्या सासऱ्यांना मी पत्त्यांत ओळखलं होतं. पानं लपवायचे. पुढे सगळं तसंच निघालं." त्यांनी चष्मा पुसला. "किल्ली हवी ना? मग माझ्यासमोर यात एक फेरी करा. बंदरापासून टेकडीवरच्या इस्पितळापर्यंत. कुणाला धक्का नाही, गाडीला ओरखडा नाही, सिग्नल पाळायचे. नाही जमलं तर व्हॅन कायमची भाच्याची."

"त्या खेळात सिग्नल कुणी पाळत नाही, आई," काउंटरवर टॉवेल मोजत बायको म्हणाली.

"मग पाळणारा उठून दिसेल."

दुपारी मशीनं थंडावल्यावर परीक्षा सुरू झाली. सासूबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या, पिशवी मांडीवर, खरोखरच प्रवासाला निघाल्यासारख्या. "पांढरी गाडी घ्या. आपल्यासारखी. कुठून आणली ही?"

"खेळातच विकत घेतली." एका बेकरीवाल्याला रस्त्यावर फेकून आणली होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

बंदरावरून निघाला तो वरातीत चालल्यासारखा. पहिल्या लाल दिव्याशी थांबला. अंगठे काचेवर वळवळत होते. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला, एकाने शेजारून जाताना शिवी घातली. जावई हिरव्याची वाट बघत राहिला. दुसरा सिग्नल, तिसरा. त्याच्या मानेवरून घाम ओघळला, पाय जमिनीवर टपटप वाजू लागला. इस्पितळाचा पूल समोर दिसत होता आणि पुन्हा लाल.

तो थांबला. फुटपाथवरून एक टकलू गुंड आला, दार उघडलं, जावयाच्या माणसाला कॉलर धरून खाली ओढलं आणि व्हॅन घेऊन गेला.

जावयाचा अंगठा ठोशाच्या बटणावर जाऊन परत आला. त्याचा माणूस रस्त्यात हात लोंबकळत उभा राहिला.

"अहो, उभे काय? गाडी नेली त्याने."

"धक्का द्यायचा नाही म्हणालात."

"आपली गाडी आहे ती. आणा तो फोन इकडे."

"आई, उजवीकडचं बटण…"

"कळतं मला. महिनाभर मागे उभी राहून काय चादरी बघत होते?"

सासूबाईंनी एका बाईला टॅक्सीतून बाहेर काढलं, कोपऱ्यावरचा फळांचा गाडा उडवला, उलट्या दिशेने पूल चढल्या. पिशवी मांडीवरून घरंगळली, कुणी उचलली नाही. पुलाच्या टोकाला त्यांनी व्हॅन कठड्यावर दाबली, टकलूला हाणलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. मागे सायरन वाजत होते.

"मिळाली की नाही परत?" त्यांना धाप लागली होती.

जावई शहाणपणाने टॉवेलाची घडी घालू लागला. बायकोने काउंटरवरून मान उंचावून पडद्याकडे पाहिलं.

"पुढचा दिवा फुटला, आई."

सासूबाईंनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, फुटका दिवा नीट पाहिला. मग भाच्याने खिळ्यावर अडकवलेली किल्ली काढून टॉवेलांवर ठेवली.

"दिवा लाल असला की थांबता, ते बघितलं मी. निघा आता, इस्पितळाचा माल पडलाय. फोन राहू द्या इथेच. पोलीस अजून माझ्या मागे आहेत."

जावयाला किल्ली मिळाली. सिग्नलला अंगठे अजून स्टिअरिंगवर वळवळतात, पण थांबतो. गोगलगाय घड्यांच्या टेबलाशी आला आणि सुखी झाला, चादरीला घाई नसते. सासूबाईंना अख्खं शहर मिळालं, त्या मागच्या खोलीतून क्वचितच बाहेर येतात. काउंटर, गिऱ्हाइकांची कुरकुर, न निघालेले डाग, आणि फोनशिवाय हिंडणाऱ्या नवऱ्याची वाट बघणं, हे सगळं आलं खरं बोललेल्या बायकोच्या वाट्याला. "आई, गिऱ्हाईक खोळंबलंय," ती हाक मारते. "थांब," आतून उत्तर येतं, "पूल ओलांडू दे."