मागचंच पुढे

तिने स्क्रीनवरचं वाक्य पुसलं आणि पुन्हा तेच टाईप केलं. 'या सहामाही हिशेबांसाठी वापरलेली लेखा धोरणे मागील वार्षिक हिशेबांप्रमाणेच आहेत.' टेबलापलीकडे बसलेला हिशेबतपासनीस मान तिरकी करून वाचत होता. वयाने तिच्या निम्मा असेल, पण चष्मा मात्र आजोबांचा उसना आणल्यासारखा.

“हेच राहू द्या, मॅडम. वाक्य खरं आहे.”

“खरं आहे हो. पण खालची टीप वाचून परत वर आलं की खोटं वाटतं.”

खालची टीप दोनच ओळींची होती. कंपनीच्या मोठ्या भट्टीचं उरलेलं आयुष्य आता या वर्षअखेरपर्यंतच धरलेलं आहे. नवी भट्टी बांधायचा विचार नाही; कपबशा यापुढे बाहेरून तयार घेतल्या जातील.

“धोरण कुठे बदललंय?” तपासनीस समजावणीच्या सुरात म्हणाला. “भट्टीची किंमत तिच्या आयुष्यावर वाटायची आणि दर वर्षी थोडी थोडी खर्चात टाकायची, हे धोरण. ते तेच आहे. ती किती जगेल हा आपला अंदाज. अंदाज तेवढा बदलला.”

“डॉक्टर पण असंच बोलतात,” ती म्हणाली.

तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “उद्या सकाळी संचालकांची सभा झाली की जाहीर होईल. तोवर कुणाकडे बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. तुमचं कुणीतरी आहे ना इथे?”

“भाऊ. भट्टीवर मुकादम आहे.”

तपासनिसाने चष्मा काढला आणि स्वच्छच असलेली काच पुसायला घेतली.

तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. ही खिडकी कारखान्याच्या अंगणात उघडायची, म्हणजे उघडायला हवी होती. ती नोकरीला लागली तेव्हापासून बंदच होती आणि उघडत नाही हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. काचेपलीकडे दादा उभा होता. चेहरा विटेसारखा भाजलेला, गळ्यात टॉवेल. आवाज आत येत नसे, म्हणून तो ओठ मोठे करून बोलायचा, मुक्याशी बोलावं तसा.

मागचंच पुढे?

तिची मान हलली. हो.

दादाने अंगठा दाखवला आणि निघून गेला.

हा प्रघात तिच्या पहिल्या सहामाहीपासूनचा. नवरा गेल्यावर दादानेच तिला थोरल्या मालकांपुढे उभं केलं होतं. “माझ्या बहिणीने शाळा सोडलीय, हिशेब नाही सोडला,” असं म्हणाला होता. पुढचं ती पुस्तकं आणून, चुकत माकत शिकली. पहिले सहामाही हिशेब लिहिताना त्याने विचारलं, एवढं काय लिहितेस? ती म्हणाली, आधी लिहायचं की सगळं मागच्यासारखंच आहे. “म्हणजे मागचंच पुढे!” तेव्हापासून दर सहामाहीला तो काचेपाशी यायचा, ती मान हलवायची, आणि तो शेडमध्ये जाऊन ओरडायचा, “बाईंनी कौल दिला रे, लागा कामाला.” कुणी वाटेत भेटून 'बरं आहे ना' विचारलं की आपण 'बरं आहे' म्हणतो, तशी ती मान हलत आली होती.

आणि मग तिला आठवलं. परवा वहिनी बोलली होती. नदीपलीकडच्या नव्या कारखान्यातून दादाला बोलावणं आलंय. राहायला घरही देतायत. आज संध्याकाळपर्यंत होय की नाही कळवायचंय.

ती खुर्चीतून अर्धी उठली.

“मॅडम, पुढची टीप?” तपासनीस म्हणाला.

ती बसली. संध्याकाळी जाताना दादाकडे डोकावू, असं तिने ठरवलं. टिपेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फक्त म्हणायचं, घाई करू नकोस. एवढ्याने कुठला नियम मोडत नव्हता.

टिपा संपता संपता दिवे लागले. दार वहिनीने उघडलं.

“या वन्सं. तुमच्या भावाने आज पराक्रम केलाय.”

दादा गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसला होता. “दिवसभर आगीशी संसार करतात, आणि घरी आले की पुन्हा गरम पाणी,” वहिनी म्हणाली. “मेल्यावर ह्यांना बर्फावर ठेवा, तेवढाच बदल.”

“कसला पराक्रम?” तिने विचारलं. पर्स खांद्यावरच होती.

“नाही म्हणून कळवलं त्यांना,” दादा म्हणाला. “चांगली माणसं होती. पण आपली भट्टी असताना परक्याच्या भट्टीपुढे कशाला उभं राहायचं?”

“संध्याकाळपर्यंत वेळ होता ना?”

“तुझ्याकडून आलो आणि लगेच फोन लावला. उगाच लोकांना ताटकळत कशाला ठेवा.”

“आणि त्यांनी लगेच दुसरा ठेवलासुद्धा,” वहिनी म्हणाली. “पलीकडे तयारच बसला होता मेला. बसा ना वन्सं, उभ्या काय? चहा टाकते.”

ती बसली. चहावर साय धरली. वहिनी बोलत राहिली, दादा हसत राहिला, आणि तिने पाण्यातल्या त्याच्या पायांकडे बघत बशीवरचा कंपनीचा शिक्का अंगठ्याने घासला. तो काही निघणारा नव्हता. दादाच्याच भट्टीत पक्का झालेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकापाशी जाहीर हिशेबांचा कागद लागला. ती स्वतः अंगण ओलांडून शेडमध्ये गेली. इतक्या वर्षांत तिकडे ती फारशी गेलीच नव्हती. दादा भट्टीच्या भोकाला डोळा लावून आतली आग बघत होता. मागे वळला नाही.

“वाचलंस?”

“वाचलं. चष्मा लावून दोनदा.”

“मला बोलायची परवानगी नव्हती रे.”

“माहीत आहे.”

“मान सवयीने हलली. संध्याकाळी येऊन सांगणार होते, घाई करू नकोस म्हणून.”

दादाने भोकावर झाकण सरकवलं. टॉवेलने तोंड पुसायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

“भट्टी जाणार हे मला ठाऊक होतं, छकुले.” पन्नाशी उलटलेल्या बाईला छकुले म्हणणारा जगात हा एकच उरला होता. “ते मापं घेणारे आले होते, त्यांना मीच सांगितलं. कमान खचलीय. वर्षापलीकडे ओढू नका, कुणाच्या तरी डोक्यात बसेल.”

तिच्याकडे आलेल्या अहवालात त्याचं नाव नव्हतं. नुसतं 'तांत्रिक मत' असं होतं, आणि ते तिने दुसऱ्या कुणा शिकलेल्या माणसाचं धरलं होतं.

“मग मला कशाला विचारलंस?”

“जुनी गेली की नवी बांधतात. मी आलो तेव्हाही तसंच झालं होतं. ही नवी कोरी होती, मी पहिली काडी लावली.” त्याने भट्टीच्या विटांवर हात ठेवला आणि भाजल्यासारखा लगेच काढून घेतला. “नवी येतेय ना, ते विचारत होतो. मागचंच पुढे, म्हणजे तेच. काचेतून तेवढंच विचारता येतं.”

शेडमध्ये कुणी काही आपटलं. दोघांनी तिकडे पाहिलं, बरं झालं तेवढं.

“पण एक सांग,” तो म्हणाला. “वर लिहिलंयस ना, धोरण बदललेलं नाही. ते खरं आहे?”

“खरं आहे.”

“मग झालं,” दादा म्हणाला. “तू खोटं नाही लिहिणार, हे मी लोकांना सांगितलंच होतं.”

तो रागावला असता तर ती घरी जाऊन जेवली तरी असती.

वर्षअखेरीला भट्टी विझली. घाईने थंड केली तर तडे जाऊन कोसळते, म्हणून दादाने ती सवडीने, रात्री उठून येऊन, निगुतीने विझवली. मग ती फोडायचीच होती. आता तो वहिनीच्या भावाच्या दुकानात गल्ल्यापाशी बसतो. गरम पाणी मागत नाही. भेटला की चौकशी करतो, थट्टाही करतो. फक्त तिच्या कामाबद्दल विचारत नाही.

पुढची सहामाही आली. ऑफिसला रंग द्यायचं निघालं होतं. ती पहिलं वाक्य टाईप करत होती आणि रंगारी खिडकीच्या चौकटीवरून रंग खरवडायची पत्री फिरवत होता. जुन्या रंगाच्या खपल्या तिच्या कागदांवर पडत होत्या. मग काहीतरी करकरलं आणि वारा आत आला.

“ही तर उघडीच होती की, बाई,” रंगारी म्हणाला. “खिटीसुद्धा शाबूत आहे. रंगाने नुसती धरून ठेवली होती.”

ती उठून खिडकीपाशी गेली. अंगणात भट्टीच्या विटांचा ढीग होता. शेडच्या दारात कुणी तरी शिंकलं, ते इथे, अगदी टेबलापाशी ऐकू आलं.

“लावून घेऊ, की राहू दे उघडी?”

तिची मान हलली. रंगारी पत्री हातात धरून तसाच थांबला. त्याला उमगलं नव्हतं.

“राहू दे,” ती म्हणाली, जरा मोठ्यानेच. “उघडी राहू दे.”