कान्हाचा सांगावा

मी यांना म्हटलं होतं, जाऊ नका. बौद्ध झालो तेव्हा आमच्या वस्तीनं ठरवलं होतं, गावातल्या मयताचा सांगावा घेऊन यापुढं कुणी पळायचं नाय, आणि त्या कामाचं धान्य घ्यायचं नाय. लोधिवली गावानं आम्हाला विहिरी बंद केल्या, तरी आम्ही ते पाळलं.

पण गावातला कान्हा वारला आणि यांना राहवेना. त्याचं शेत आमच्या बांधाला लागून. दोघं बांधावर गप्पा मारतच म्हातारे झालेले. कान्हाची लेक अंबू खोपोलीला दिलेली.

"पोरीला बापाचं तोंड तरी दिसू दे," हे म्हणाले. "हा सांगावा नाय गं. मी शेजारी म्हणून जातोय."

एसटी निघून गेली होती. भर उन्हात चालत गेले.

पूर्वी अंगणाबाहेरून ओरडून सांगायचे. या वेळी हे पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "अंबू, तुझा बा गेला गं." ती हंबरडा फोडून रडली. हेही रडले.

मग ती डोळे पुसत आत गेली. यांना वाटलं, पाणी आणील. तिनं सूपभर तांदूळ आणले आणि लांबूनच पायरीवर सरकवले.

हे हात न लावता उठले, वाटेला लागले. तेवढ्यात मागून तिची रडवेली हाक आली, "श्रीपत, कमी वाटलं का रं?"