टीएचसीचा चुगलखोर नातू

माणसाला ज्ञान असावं, पण ते पाजळायची हौस नसावी. चारुदत्त देवस्थळीला दोन्ही होतं. आखातात, अबू धाबीतल्या रुवैसच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये तो अकरा वर्षं केमिस्ट होता. 'अमली पदार्थांवर वीस मिनिटं बोला' असं एचआरने सांगितल्यावर त्याने चांगल्या चाळीस स्लाइड केल्या.

दोन हजार नऊचा मार्च होता. मंदीमुळे दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या होत्या आणि त्याची झळ रुवैसपर्यंत येऊन पोचली होती. कंपनीने आधी सगळ्यांना पाळीपाळीने बिनपगारी रजेवर पाठवलं, मग परत येणाऱ्यांसाठी नवा नियम काढला: लघवीची तपासणी. सोबत एक फॉर्म. गेल्या तीस दिवसांत नशेचं काही पोटात गेलं का, कळत किंवा नकळत? तपासणीत काही सापडलं की नोकरी गेली, व्हिसा गेला आणि वर पोलीस. माणसं कमी करायला निघालेल्यांना याहून सोयीचं काय हवं होतं! हा फॉर्म चारुदत्तनेच लिहून दिला होता. त्यातला 'नकळत' हा शब्द तर खास त्याचा.

तो स्वतः बायको-मुलीला घेऊन पंधरा दिवस पुण्याला, मेहुण्याकडे, राहून आला होता. उद्या सकाळी तपासणीला त्याचीही पाळी होती. आपला काय संबंध, म्हणून गडी निवांत होता.

"नशा आणणारा टीएचसी म्हणजे एकटा माणूस नाही, अख्खं खटलं आहे," त्याने झोकात सुरुवात केली. "डेल्टा-नाइन हा घरातला कर्ता. भांग असो, गांजा असो, मेन रोल त्याचाच. डेल्टा-एट त्याचा धाकटा भाऊ. रक्त तेच, पण स्वभाव सौम्य, आणि झाडात सापडतो अगदी थोडा. तिसरा टीएचसी-ए. हा कच्च्या पानात असतो आणि कुणाच्या डोक्याला त्रास देत नाही. पण तापवला, की त्याचाच डेल्टा-नाइन होतो!"

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या रांगेतून स्टोअरकीपर खैरुद्दीन उठला. तो रत्नागिरीकडचा, शंका काढण्यात पटाईत.

"सर, धुराचं समजलं. पण दुधातनं पोटात गेलं तर?"

"गुड क्वेश्चन!" चारुदत्त खुलला. "दुधातल्या फॅटमध्ये तो मस्त विरघळतो. मग लिव्हरमध्ये डेल्टा-नाइनला मुलगा होतो, इलेव्हन-हायड्रॉक्सी. बापाहून डांबिस! तासभर काहीच नाही. माणूस म्हणतो, छे, आपल्याला चढतच नाही. आणि मग हसू. कशालाही! साधा पंखा फिरताना बघून पोट दुखेपर्यंत हसू. मग भूक. साबुदाण्याची खिचडी, चार-चार प्लेटी. घड्याळ पुढे सरकत नाही, मोबाइल कुठे ठेवला आठवत नाही..."

बोलता बोलता तो थांबला. स्लाइडवर 'हसू, भूक, वेळेचं भान सुटणे' एवढंच होतं. पंखा नव्हता. खिचडी तर नव्हतीच नव्हती.

"सर, पुढे?"

"पुढे... कार्बॉक्सी. नातू." त्याने घाईघाईने स्लाइड पुढे ढकलली. "हा बिचारा काहीच करत नाही. ना हसू, ना भूक. नुसता चरबीत बसून राहतो, कधी चार दिवस, कधी महिनाभर. आणि तपासणी आली की आजोबांची चुगली करतो. खलास."

भाषण वीस मिनिटांत आटोपलेलं पाहून एचआरला फार आनंद झाला.

चारुदत्त मात्र घामाने चिंब. नऊ दिवसांपूर्वी, महाशिवरात्रीला, मेहुण्याने, शार्दूलने, थंडाईचा पेला हातात देत डोळा मारला होता. "भावोजी, स्पेशल आहे हं." आणि शार्दूल म्हणजे स्वतःच्या लग्नात भटजींचा चष्मा लपवणारा माणूस! तासाभराने दिवाणखान्यातला पंखा कुरकुरायला लागला तेव्हा चारुदत्तला वाटलं, तो 'हो का? हो का?' विचारतोय. त्यावर तो अर्धा तास लोळून हसला होता. मग खिचडी. मग मोबाइल सापडला तो फ्रीजमध्ये.

"तरी मी म्हणतच होते!" संध्याकाळी सुनेत्रा म्हणाली. "सतरा वर्षांच्या संसारात तुला असं हसताना बघितलं नव्हतं. आत्ता फोन लाव शार्दूलला."

"वेड लागलंय? फोनवर तो शब्द?" तो घरातसुद्धा कुजबुजत होता. "फॉर्मवर यस लिहिलं तर उद्याच नारळ. नो लिहिलं आणि नातू बोलला तर थेट जेल. फ्लॅट कंपनीचा, ईशानी आठवीत. कुठे जायचं आपण?" त्याला रडायचंच काय ते बाकी होतं.

सुनेत्राने क्षणभर विचार केला आणि भावजयीला फोन लावला, स्पीकरवर.

"अस्मिता, त्या दिवशीच्या थंडाईची रेसिपी सांग ना. इथे करीन म्हणते."

"सोप्पी आहे, ताई. बदाम, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या..."

"खसखस?" चारुदत्त पुटपुटला. इथे तिलाही बंदी.

"खसखस संपली होती, मग कलिंगडाचा मगज घातला."

"आणि तो हिरवा रंग?"

"पिस्ते, ताई! दोनशे ग्रॅम. हे ओरडले मला."

"शार्दूलने वरून काही घातलं नाही ना?"

"ह्यांनी? ह्यांना गॅस पेटवता येत नाही. एकाच पातेल्यातून मी सगळ्यांना दिली, आईंनासुद्धा. का हो?"

"अगं, याला फार आवडली म्हणून."

"आवडणारच! भावोजी केवढे हसले त्या दिवशी! आई तर नंतर रडल्या. म्हणाल्या, जावईबापूंना तिकडे हसायला मिळत नाही वाटतं."

फोन ठेवला. चारुदत्तने फॉर्मवर ठसठशीत 'नो' लिहिलं, सही ठोकली. जीव भांड्यात पडला, आता खरं तर नाचायला हवं होतं. पण तो पेन धरून तसाच बसला. हसू, भूक, वेळेचं भान. लक्षणं तर सगळी खरी होती. रजा मागायची भीती म्हणून तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. गेला तो कंपनीने ढकलला म्हणून. आणि इतक्या दिवसांनी झालेला साधा आनंद त्याला ओळखता आला नाही, नशा वाटली. या गोष्टीचं त्याला फार वाईट वाटलं.

अभ्यास करणाऱ्या ईशानीने मान वर केली. "बाबा, यू वेअर सो फनी दॅट डे. व्हाय डोन्ट यू लाफ लाइक दॅट हिअर?"

"इथे पंखा नाही ना गं," तो म्हणाला. "एसी आहे."

सुनेत्रा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने वाटीभर बदाम भिजत घातले.