सहा दवाखान्यांचा प्रश्न

रामप्रसादने उशी पोटाशी घट्ट धरली आणि गुडघ्यांवर कपाळ टेकून तो खाटेवर वाकून बसला. असं बसलं की कळ थोडी मागे सरायची. तांड्यावर अंगणाअंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. तिचा ओलसर, मातकट वास उन्हाबरोबर तरंगत येत होता. गोळीची गुंगी चढत होती. मिटल्या डोळ्यांआड सगळं पिवळं झालं होतं आणि त्या पिवळ्यातून माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

त्यातला एक आवाज डॉक्टर राजनंदिनींचा होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून त्या कनेरगाव नाक्यापर्यंत जीपने आणि तिथून तांड्यापर्यंत पायी आल्या होत्या.

“स्वादुपिंडाच्या या जुनाट दुखण्याचं आजवर प्रत्येक दवाखाना आपापल्यापुरतं पाहायचा,” रामप्रसादची बायको शिला हिला त्या सांगत होत्या. “आता कुठे पैसा मंजूर झालाय. सहा दवाखाने मिळून अभ्यास करणार. सगळीकडे तेच प्रश्न, त्याच तपासण्या. बरीच वर्षं चालेल.”

“मंग ह्यांचं दुखणं जाईल?”

“तसं नाही सांगता येणार. ह्यांच्या हाती कदाचित काहीच लागणार नाही.”

रामप्रसादला त्या उत्तरानं बरं वाटलं. खोटा धीर न देणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

“दारू घेता?” बाईंनी त्याला विचारलं.

दारूपाशीच आजवर सगळे थांबले होते. गावातल्या डॉक्टरनं न विचारताच ‘आधी दारू सोड’ म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तो साऱ्या तांड्यात पिणारा ठरला. त्याचा बाप धनसिंग त्याच्या तोंडाकडे बघेनासा झाला. काही सांगायचं तर शिलाजवळ सांगायचा.

“कदीच न्हाई,” डोकं न उचलता रामप्रसाद म्हणाला, आणि कुणीतरी हसेल म्हणून थांबला.

कुणी हसलं नाही.

“बरं,” बाई म्हणाल्या. “न पिणाऱ्यांनाही होतो हा आजार. कधी घराण्यातच असतो. घरात आणखी कुणाचं पोट असं दुखायचं?”

अंगणाच्या कडेला पाठमोरा बसून धनसिंग हळद खालीवर करत होता. त्याचे हात थांबले.

“माह्या बहिणीचं,” तो म्हणाला. “मिराचं. लगीन व्हायच्या आधीच गेली. लोक म्हणले, बाहेरचं लागलं.”

रामप्रसादनं सावकाश मान वर केली. हे नाव त्यानं या घरात कधी ऐकलं नव्हतं.

“दारूचा थेंब पाहिला न्हवता तिनं. पर अशीच बसायची, वाकून.” धनसिंगनं न वळताच खाटेकडे हात केला. “मला पाहवत न्हाई, बाई. तवाबी न्हाई, आताबी न्हाई.”

रामप्रसादच्या हातातली उशी सैल झाली.

“माहंबी रगत लागंल ना?” धनसिंग उठला. रांजणातल्या पाण्यानं त्यानं हात धुतले, तरी ते पिवळेच राहिले. खाटेवर येऊन त्यानं बाही वर सारली. खाट त्याच्या बाजूला झुकली आणि रामप्रसाद घसरत त्याच्या खांद्याला टेकला. दोघांपैकी कुणीच बाजूला सरकलं नाही.

बाई दोघांच्या रक्ताच्या नळ्या घेऊन गेल्या, तरी धनसिंग उठला नाही. तो तांड्याच्या बोलीत, कुणाकडे न बघता बोलायला लागला. मिराला म्हशीच्या पाठीवर बसून नदीत उतरायला फार आवडायचं. म्हैस पोहायला लागली की ही मोठमोठ्यानं गायची आणि काठावरचे लोक रागावायचे.

रामप्रसादच्या पापण्या जड झाल्या. त्या पिवळ्या उजेडातून एक पोरगी गात गात निघाली होती. पाणी तिच्या घोट्यांना लागत होतं. ती मागे वळून बघणार, इतक्यात आवाज थांबला.

“मंग?” डोळे न उघडताच त्यानं विचारलं.

“नीज आता,” धनसिंग त्यालाच म्हणाला. “उद्या सांगतो.”