जबडा कोणी फोडला

मुलीने तीन दिवस घासून-तासून प्लास्टरचा जबडा केला होता. कृत्रिम दात बनवायचा अभ्यास, त्यातलं परीक्षेचं काम. जेवायच्या टेबलावर जागा नाही म्हणून बापाने तो भिंतीवर आपटला. आणि दुसऱ्या दिवशी, रागासाठी ज्यांच्याकडे जायचा त्या समुपदेशक बाईंकडून आल्यावर, चपला काढता काढता म्हणाला, "तो मी नव्हतो गं. बाई म्हणतात, माझ्यात एक रागीट भाग आहे. त्याने केलं."

मुलीने ते ऐकलं आणि बॅग भरायला घेतली. मावशीकडे जाणार, कायमची.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत ती मुकादम होती. तिथे चादर जळाली तर कोणाच्या हातून जळाली एवढंच विचारतात, हाताच्या कुठल्या बोटाने ते नाही. "संध्याकाळपर्यंत थांब," असं मुलीला सांगून तिने नवऱ्याला पुढे घातलं आणि समुपदेशक बाईंची खोली गाठली.

"ह्यांचे एकूण भाग किती, ते एकदा सांगा," बसायच्या आधीच ती म्हणाली. "जेवायला एकच ताट लागतं. ओरडायच्या वेळी कुठून उगवतात हे?"

"अगं, हळू," नवरा म्हणाला. तो ड्रायव्हिंग शिकवायचा.

"का हळू? शिकाऊ माणूस गाडी खांबावर घालायला निघतो तेव्हा तुमच्या पायाखालचा दुसरा ब्रेक बरोबर दाबता. तिथे नाही येत तो रागीट? परक्यांपुढे भलताच सभ्य दिसतो."

बाईंना हसू आलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "भाग ओळखायचा तो का पेटतो हे समजून घ्यायला. त्याच्या डोक्यावर खापर फोडायला नाही. तो तुमचाच आहे, त्याने मोडलेलं तुम्हीच निस्तरायचं."

आईला वाटलं, झाला न्याय. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आणि तुमच्यातलं कोण बोलतंय आत्ता?"

"मी. सगळीच्या सगळी."

"मग ते ओरडतात तेव्हा ही सगळीच्या सगळी काय करते?"

"खिडक्या लावते," नवरा पुटपुटला. "आणि पोरीला म्हणते, गप्प बस, बाबा दमलेत."

"मग काय शेजाऱ्यांना तमाशा दाखवू?"

"खिडकी नाही लावली तर काय होईल, असं तुमच्यातल्या त्या लावणारीला वाटतं?" बाई म्हणाल्या.

तिला संतापच आला. म्हणे लावणारी! जिने वीस वर्षं घराची अब्रू राखली, तिचीच आता उलटतपासणी. पण उत्तर तोंडाशी आलेलं होतं. तिच्या लहानपणी तिच्या बापाचा आवाज गल्लीभर जायचा, आणि सकाळी शाळेत मुली त्याची नक्कल करून दाखवायच्या.

"लोक हसतील," ती म्हणाली. लोक काय म्हणतील हे आपण पोरीच्याही आधी बघितलं, हे तिला बोलता बोलताच कळलं. त्याचाही रागच आला, फक्त तो कोणावर काढावा ते कळेना.

घरी मुलगी बॅगेशेजारी बसली होती.

"जबडा मी फोडला," बाप म्हणाला. "भागबिग काही नाही, मी. तुझ्या सरांना मीच येऊन सांगतो."

"आणि तुला गप्प मी बसवलं," आई म्हणाली. आवाज चढलेलाच होता. "चुकलं माझं."

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "पण परीक्षेपर्यंत मावशीकडेच राहते. नवा जबडा करायचाय."

"आणि मग?"

"मग बघू. तोवर कुठल्याच भागाने रोज फोन करू नका."

बाप बॅग उचलायला वाकला.

"ठेवा ती खाली," आई म्हणाली. "आधी तिला विचारा."