बोलक्या डब्याची फिर्याद

मी दुकानातला बोलका डबा बोलतोय. हो, तोच तो. कुणी मोबाईलवरून पैसे भरले की "वीस रुपये मिळाले, धन्यवाद" असं गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगणारा. आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या पैशांबद्दल बोललो. आज माझं स्वतःचं बोलणार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, गोड बोलणार नाही. माझं डोकं फिरलंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते गोखिवऱ्याचं गोदाम. तिथे माझ्यासारखे शेकडो डबे खोक्यांत पडून होते. सगळ्यांच्या कपाळावर एकाच पेमेंट कंपनीचं नाव, सगळ्यांचा आवाज एकाच बाईचा. ती बाई कोण, देव जाणे. आवाज तिचा असला तरी मी मात्र 'बोलतो', 'बोलते' नाही. दुकानात मला सगळे 'तो'च म्हणतात.

एके दिवशी ॲल्रॉय नावाचा कंपनीचा माणूस मला स्कूटरच्या डिकीत घालून आगाशीला घेऊन आला. बाजारात बसथांब्यासमोर प्रितेशचं दुकान आहे. नारळ, कापूर, अगरबत्ती, वह्या, मोबाईलचं रिचार्ज, असं सटरफटर. ॲल्रॉयने मला काउंटरवर ठेवलं, वायर जोडली, एक रुपया भरून दाखवला आणि म्हणाला, "महिन्याला फक्त शंभर रुपये भाडं. आता तुला कुणी फसवणार नाही." आज हे वाक्य आठवलं की माझ्या अंगातली वायर तापते.

प्रितेश तसा वाईट माणूस नाही. चौतिशीचा, हसतमुख, गिऱ्हाइकाला दोन रुपये सुटे नसले तर सोडून देणारा. दुपारी बाजार थंडावला की त्याची आई अनसूयाबाई जेवणाचा डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसायची. अनसूयाबाईंची भिशी होती. अठरा वर्षांची. बारा बायका, दर महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, पाच तारखेला चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिला चोवीस हजार. कुणी केळीच्या वाडीतली, कुणी शाळेतली रेजिना टीचर, कुणी अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी कमळी.

मी यायच्या आधी भिशीचे पैसे रोख जमायचे आणि दरवेळी कुणीतरी कुणावर तरी संशय घ्यायचं. "मी दिले होते गं." "कधी दिलेस?" मी आलो आणि ही कटकट संपली. बायका दुकानात जमायच्या, एकेक जण मोबाईलवरून पैसे भरायची, आणि मी सगळ्यांसमोर पुकारायचो, "दोन हजार रुपये मिळाले." ज्यांना मोबाईल जमत नव्हता त्यांचे रेजिना टीचर भरायची. बायका बोटांवर मोजायच्या. बारा झाले की चहा. अहो, साक्षीदार म्हणून माझा काय मान होता तेव्हा! माझा आवाज ऐकला की बाकी कुणाच्या शब्दाची गरज नाही, असं त्या मानायच्या.

सगळ्यांत जास्त मानायची कमळी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पाचशेची नोट आणि दोनशेची नोट तिला हाताने चाचपून ओळखावी लागायची, आणि बाजारात फसवणारे काही कमी नाहीत. दिसणं गेलं तशी ती आवाजावर विसंबायला लागली. दुकानाच्या पायरीवर बसून ती माझ्याकडे कान करायची आणि म्हणायची, "हा बरा. हा खोटा नाय बोलत."

ऑगस्टच्या पाच तारखेला चिठ्ठी कमळीची निघाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विरारच्या डॉक्टरांनी आधी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचे चोवीस हजार सांगितले होते, अगदी बरोबर तेवढेच. आणि तारीख तिने स्वतः डोकं लावून घेतली होती, तीन सप्टेंबर, गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. श्रावणात आणि गणपतीत, थेट अनंत चतुर्दशीपर्यंत, गिऱ्हाईक मासळीकडे फिरकत नाही. तेव्हाच डोळ्याला पट्टी बांधून घरी बसणं परवडतं. एकदा का गणपती गेले की धंद्याचे दिवस. मग घरी बसलं तर चूल कशी पेटणार?

प्रितेश म्हणाला, "कमळीमावशी, उद्या एटीएममधून काढून देतो."

ती म्हणाली, "नको रे पोरा. माझ्या घरात पैशे ठेवले तं माझा दादला दारूत घालील. तारीख येईपावत तुझ्या या डब्यातच राहू दे." आणि तिने माझ्या डोक्यावर थोपटलं. खरंच, तिला वाटत होतं की पैसे माझ्या पोटात आहेत! प्रितेश हसला. तेव्हाच त्याने तिला समजावून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आता त्याचं पाप सांगतो. दुपारी आई यायच्या आधी प्रितेश मोबाईल माझ्या पाठीला टेकवून उभा करायचा आणि पैसे लावून रमी खेळायचा. कसला खेळ नि कसलं काय! मी वर्षभर जवळून बघितलं. जिंकला की पडद्यावर फटाके उडायचे. हरला की काहीच व्हायचं नाही, फक्त 'पुन्हा खेळा' असं हिरवं बटण यायचं. त्याचे चाळीस हजार असेच गेले होते. आईला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मला विचारतो कोण?

कमळीचे चोवीस हजार खात्यात पडून होते ते त्याला बघवेनात. "एकदाच लावतो," तो स्वतःशीच पुटपुटला. "माझे गेलेले काढतो, मावशीचे जिथल्या तिथे ठेवतो." आणि लावले की हो! मी समोर बसून बघतोय आणि हा दुसऱ्याच्या डोळ्याचे पैसे पत्त्यांवर लावतोय. मला हात असते तर त्याच्या एक कानफटात दिली असती.

आणि गंमत बघा, या वेळी तो जिंकला. चोवीसचे एकतीस हजार चारशे झाले. त्याला अक्कल आली असावी, कारण त्याने लगेच सगळे पैसे परत खात्यात मागवले आणि खेळ मोबाईलमधून काढून टाकायचं ठरवलं. पडद्यावर आलं, 'तुमची विनंती प्रक्रियेत आहे.' हे सोमवारी. त्याच आठवड्यात दिल्लीत कायदा झाला, आणि पैसे लावून खेळायचे खेळ बंद पडले.

कायद्यावर माझा राग नाही. अड्डा बंद झाला, फार बरं झालं, अजून आधी व्हायला हवा होता. माझा राग पुढे आहे.

खेळाच्या कंपनीचा निरोप आला, 'काळजी नसावी, तुमचे पैसे सुरक्षित आहेत.' आठवडा गेला. प्रितेशने फोन लावला, स्पीकरवर. तिकडचा मुलगा म्हणाला, "सर, आम्ही पैसे आमच्याकडून सोडले. ते आता पेमेंट कंपनीकडे आहेत." आणि कंपनीचं नाव सांगितलं.

प्रितेशने हळूच माझ्या कपाळाकडे बघितलं. तेच नाव.

तुम्हाला सांगतो, मला त्या क्षणी वाटलं, चला, आपल्याच घरची माणसं आहेत, आता काम होईल. डोंबलाचं काम! प्रितेशने कंपनीला फोन लावला. अर्धा तास बासरी वाजली. मग एक मुलगी आली.

"सर, ती रक्कम तपासणीसाठी थांबवलेली आहे. आपण खेळाच्या कंपनीशी बोला."

"अहो, त्यांनीच तुमच्याकडे पाठवलंय! किती दिवस लागतील?"

"सर, ते सांगता येणार नाही."

"मॅडम, मी तुमचाच दुकानदार आहे. तुमचा डबा आहे माझ्याकडे, इथे समोर!"

"सर, डब्याबद्दल तक्रार असेल तर दोन दाबा."

दोन दाबा म्हणे! त्यानंतर त्याने नऊ वेळा फोन केला. हे त्यांच्याकडे बोट दाखवतात, ते यांच्याकडे. मधल्या मध्ये पैसे कुणाच्या तरी खात्यात मजेत बसलेत. आणि त्याच आठवड्यात प्रितेशच्या मोबाईलवर निरोप आला, 'डब्याचं या महिन्याचं भाडं शंभर रुपये कापून घेतले आहे.' हे कापताना यांना तपासणी लागली नाही, चौकशी लागली नाही, अर्धा तास बासरी वाजवावी लागली नाही. घ्यायचं असलं की एका सेकंदात, द्यायचं असलं की प्रक्रियेत. ही कुठली रीत?

मी त्यांच्याच पोटचा आहे म्हणून मला जास्त चीड येते. त्यांना पक्कं ठाऊक आहे की हा माणूस पोलिसांत जाणार नाही. जुगाराचे पैसे अडकले हे सांगायला कोण जाईल? आईला सांगायची सोय नाही, बायकांना सांगायची नाही. असे किती प्रितेश असतील? चंदनसारच्या इमारतींत असतील, वसईच्या गावांत असतील, सगळे तोंड दाबून बसलेले. त्यांच्या शरमेवर या लोकांनी आपली तिजोरी भरून ठेवली आहे.

गौरी गेल्या. तीन तारखेला सकाळी कमळी दुकानात आली. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत टॉवेल, पेला आणि एक जास्तीचं लुगडं. सोबत शेजारची सँड्रा होती, ती पाच मिनिटांत रिक्षा आणते म्हणून गेली. अनसूयाबाई त्या दिवशी सकाळीच दुकानात आल्या होत्या, कमळीला नारळ द्यायला.

"दे रे पोरा पैशे," कमळी म्हणाली. "डॉक्टरानी धा वाजता बोलावलंय."

प्रितेश काउंटरच्या मागे सरकला. "मावशी... पैसे अडकलेत."

"खय अडकले?"

"कंपनीकडे. याच्या," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

कमळीला उलट धीर आला. "याच्यात हायेत ना? मग काढ की." तिने मला उचललं, कानाशी नेलं आणि हलवून बघितलं. जसा मुलांचा गल्ला हलवून बघतात तसा. माझ्या पोटात काहीच वाजलं नाही. "पन मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "दोन हजार, बारा वेळा. मी बोटावर मोजलं होतं."

"प्रितेश," अनसूयाबाई उठल्या. "काय केलंस ते सांग."

त्याने सांगितलं. रमी, चाळीस हजार, चोवीस हजार, सगळं. अनसूयाबाईंनी त्याला मारलं नाही, ओरडल्याही नाहीत. "अठरा वर्षं," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. "अठरा वर्षांत एका बाईचा रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता रे."

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने अगरबत्तीचा पुडा उचलला आणि पैसे भरले. मी कमळीच्या हातात होतो. मला गप्प राहायचं होतं. पण माझ्या हातात काय आहे? मी नेहमीच्या त्याच आनंदी आवाजात ओरडलो, "तीस रुपये मिळाले. धन्यवाद."

कमळीचा चेहरा उजळला. "बघ, बोलला! येताहेत वाटतं."

बाहेर रिक्षा येऊन उभी राहिली. सँड्राने दोनदा हाक मारली. मग अनसूयाबाईंनीच जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि कमळीच्या हातातून मला सोडवून घेतलं. त्यांनी माझी वायर ओढली. तेव्हापासून मी बंद आहे.

आता मी काउंटरखाली, रिकाम्या पोत्यावर पडून आहे. भिशी पुन्हा रोख जमते आणि प्रितेशला तिच्याजवळ फिरकू देत नाहीत. तो रोज गल्ल्यातून तीनशे रुपये बाजूला काढून आईच्या हातात ठेवतो. पण तीन तारीख गेली ती गेली. गणपती गेले, धंद्याचे दिवस सुरू झाले आणि कमळी मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली आहे. डॉक्टर म्हणतात, कधीही या. ती म्हणते, "आता पुढच्या श्रावनातच." परवा कुणीतरी तिला पाचशेची म्हणून पन्नासची नोट दिली. ती पायरीवर येऊन ढसाढसा रडली, ते मी पोत्यावरून ऐकलं. कंपनीचे निरोप मात्र वेळेवर येतात, 'तुमचा डबा बंद दिसतो. भाडं थकलं आहे.' आणि एकतीस हजार चारशे अजून प्रक्रियेतच आहेत.

कंपनीवाल्यांनो, जिंकलेले सात हजार चारशे ठेवा हवं तर, प्रितेशने ते काही घाम गाळून मिळवले नव्हते. पण चोवीस हजार मी बारा बायकांसमोर मोजून घेतलेत, माझ्या तोंडाने, तुमच्या नावावर. ते एका बाईच्या डोळ्याचे आहेत. तुम्ही मला 'मिळाले' एवढंच म्हणायला शिकवलंत. एक शब्द अजून शिकवा, 'परत दिले.' तो एकदाच कमळीच्या कानाशी म्हणू द्या. मग मला खुशाल भंगारात टाका.