चोथा

सोरखाने फेस्टीवर एकोणीस वर्षं डूख धरला होता, आणि तो विझू नये म्हणून अधूनमधून फुंकरही घातली होती. तिचा धंदा घोड्या-गाढवांच्या दातांवर इलाज करण्याचा. कॉनेमारा परगण्यातल्या निम्म्या तबेल्यांत तिचा हात जनावरांच्या जबड्यात कोपरापर्यंत जाऊन आलेला. फेस्टीच्या तबेल्यात मात्र तिने पाऊल टाकलं नव्हतं.

फेस्टी म्हणजे घोड्यांचा दलाल. गोडबोल्या मेला, बोलता बोलता समोरच्याच्या अंगावरचा कोट विकेल असा. त्यानेच तिच्या बापाला, कोलमनला, एक गाढवी विकली होती. दोन महिन्यांत तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. तेव्हा ह्याच घोड्यांच्या जत्रेत, मैदानाकडेच्या ह्याच दगडी भिंतीवर चढून फेस्टी ओरडला होता, की हा कोलमन मुक्या जनावराला उपाशी मारतो. कोलमन स्वतःच्या ताटातला बटाटा तिला घालत होता हो! पण लोकांनी तोंडं फिरवली. त्याने चर्चला जाणं सोडलं, आणि त्याच झुरणीत गेला.

पुढे सोरखा हे काम शिकली आणि एक दिवस कुदळ घेऊन तिने पुरलेल्या गाढवीचा जबडा वर काढला. दाढांमध्ये फटी. गवत त्यांत अडकायचं, कुजायचं, हिरड्या सडायच्या. चावताना जीव जात असेल बिचारीचा. फटींच्या कडांवर कानशीचे जुने ओरखडे होते. म्हणजे विकण्याआधी, गवत अडकू नये म्हणून, कुणीतरी त्या फटी रुंद करून बघितल्या होत्या. बापाने तर कधी कानस लावली नव्हती; फेस्टीला सगळं ठाऊक होतं.

आज त्याच जत्रेत फेस्टी एक करडी घोडी मार्टिन नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात मारत होता. मार्टिनने पुढचे दात बघून वय ताडलं. मागच्या दाढा कोण बघतो? घोडीच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता आणि सकाळपासून तिच्यापुढे नुसता भिजवलेला कोंडा होता. फेस्टीने तळहातावर थुंकून सौद्याचा हात पुढे केला, आणि सोरखा मध्ये येऊन उभी राहिली.

“फेस्टीकाका, घोडीला सुकं गवत नाही का घातलंत?”

त्याने हसून वेळ मारून न्यायचं पाहिलं. तिने शेजारच्या गाडीतून मूठभर गवत उपसलं आणि घोडीपुढे धरलं. घोडीने मान वाकडी करून चावलं, थांबली, पुन्हा चावलं, आणि फेस्टीच्या बुटापाशी ओला चोथा टाकला. सडका वास सुटला. मार्टिनने सौद्यासाठी उचललेला हात मागे घेऊन खिशात घातला. लोक गोळा झाले.

फेस्टी सोरखाच्या कानाशी लागला, पोरी, उगाच तमाशा नको, तूच उपचार कर, म्हणशील ते देतो.

“माझ्या बापाच्या गाढवीला काय झालं होतं ते सांग.”

तो काहीतरी पुटपुटला.

“भिंतीवर चढ. त्या दिवशी चढला होतास ना?”

चढला बिचारा, गुडघे धरत. लोक बघत होते आणि त्यांतले निम्मे त्या दिवशीही बघत होते. त्या गाढवीच्या दाढांत फटी होत्या, मला माहीत होतं, कोलमनने तिला उपाशी ठेवलं नव्हतं, असं तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून सोरखाने पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला. तिला फार बरं वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही.

खाली उतरून त्याने पुन्हा तळहातावर थुंकून हात पुढे केला. झालं ना आता, मिटवून टाकू, म्हणाला.

सोरखाने खाली वाकून तो चोथा उचलला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर घट्ट मिटवली.

“घरी जाईपर्यंत मूठ उघडू नकोस,” ती म्हणाली.

मग तिने खुंट्याची दोरी सोडली आणि घोडीला घेऊन आपल्या गाडीकडे चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही. फेस्टी मूठ तशीच धरून उभा होता.